निखाऱ्यावरचे बटाटे : पुडी बांधण्यापासून सोडण्यापर्यंत

(सिगडीच्या पिशवीसोबत दिलं जाणारं माहितीपत्रक)

आमच्याकडून तुम्ही जी पिशवी नेता तिच्यात सिगडी, जाळी, चिमटा, तीन किलो लाकडी कोळसा, फॉइलचा रोल आणि दीड किलो बटाटे असतात. शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला आमचा फोन वाजायला लागतो. कधी पवनेच्या काठावरून, कधी भंडारदऱ्याहून, कधी शेजारच्याच सोसायटीच्या गच्चीवरून. चिकन-पनीरबद्दल फारसं कोणी विचारत नाही. तक्रार बटाट्याचीच असते आणि तिचे शब्दही ठरलेले: "वरून कोळसा झालाय, आतून कच्चाय." म्हणून हे पत्रक. कोळसा पेटवण्याआधी वाचा. पेटवल्यावर धुरात वाचता येत नाही, आणि धरणाकाठी रेंज असेलच असं नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या

फॉइलमधला बटाटा भाजत नाही, तो वाफेवर शिजतो. बटाट्याच्या वजनात जवळपास ८० टक्के पाणीच असतं. पुडी घट्ट असली की त्या पाण्याची वाफ आतच कोंडते आणि बटाटा शिजवते. रायगडकडच्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. पोपटी लावताना मडक्यात वेगळं पाणी घालत नाहीत. भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा यांच्या अंगच्या ओलाव्यावर आतले बटाटे, अंडी सगळं शिजतं. आपली फॉइलची पुडी म्हणजे एका माणसापुरती पोपटी. वाफ निसटली की राहतो तो नुसता करपलेला बटाटा.

आता कोणी म्हणेल, हुरड्याच्या आगटीत तर बटाटा तसाच राखेत टाकतात, त्याला कुठे फॉइल? बरोबर आहे. तिथे सालच फॉइलचं काम करते. साल करपते, आतला गर वाफेत शिजतो आणि करपलेली साल आपण सोलून टाकतो. पण बटाटा चिरला, मसाला-तूप लावलं की सालीचं कवच राहत नाही. मग फॉइल लागतो.

बटाटा

पिशवीत आम्ही मध्यम, साधारण १०० ग्रॅमचे बटाटे घालतो. शक्यतो सगळे एका मापाचे, म्हणजे एक शिजला आणि एक राहिला असं होत नाही. पावसाळा संपता संपता आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा नवा बटाटा बाजारात येतो, तेव्हा तो देतो. त्याची साल इतकी पातळ की अंगठ्याने निघते. सोलायच्या भानगडीत पडू नका, धुऊन सालीसकट वापरा. इतर महिन्यांत बटाटा शीतगृहातला असतो. थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते, त्यामुळे तो गोडसर लागतो आणि लवकर काळपट पडतो. त्याच कारणाने आमचे बटाटे घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवू नका. टोपलीत, अंधारात, हवेशीर ठेवा.

उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा कितीही शिजवला तरी त्यातलं सोलानिन नावाचं विष जात नाही. पिशवीत चुकून असा निघालाच तर टाकून द्या आणि आम्हाला सांगा, बदलून देऊ.

चिरणं आणि बांधणं

एका पुडीत दोन बटाटे, अर्धा कांदा. चकत्या पेन्सिलीइतक्या जाड ठेवा. त्याहून पातळ केल्या तर लगदा होतो, जाड ठेवल्या तर पुन्हा आतून कच्च्या. घरूनच चिरून न्यायच्या असतील तर डब्यात पाण्यात बुडवून न्या, नाहीतर काळ्या पडतात. पण पुडीत घालण्याआधी फडक्याने पुसा. ओल्या चकतीला तेल धरत नाही.

फॉइल हातभर, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास कापा आणि दोन पदर घ्या. दुकानात मिळणारा पातळ रोल ११ मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम नव्वदावा भाग. आम्ही १८ मायक्रॉनचा देतो, तरीही दोन पदरच घ्या. पहिला पदर निखाऱ्याचा कोपरा लागून फाटला तर दुसरा असतो.

चकचकीत बाजू आत की बाहेर, यावरून ट्रिपमध्ये भांडणं होतात. कशीही ठेवा. कारखान्यात शेवटच्या फेरीला दोन पत्रे एकत्र लाटतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना लागलेली बाजू मंद राहते. स्वयंपाकात त्याने काही फरक पडत नाही.

मधोमध आधी तेल किंवा तूप चोपडा. मग कांद्याच्या चकत्या, त्यावर बटाटा. हा क्रम उलटा करू नका. खालचा कांदा बटाट्याची ढाल होतो. करपलाच तर तो करपतो, आणि तसा थोडा करपलेला कांदा खायला कोणी नाही म्हणत नाही. वरून मीठ-मसाला, एक मोठा चमचा तेल आणि एक चमचा पाणी. आता लांब कडा वर आणून एकत्र धरा आणि बोटभर दुमडा, पुन्हा दुमडा, पुन्हा दुमडा. किराणावाला शेंगदाण्याची पुडी बांधताना कागदाला जशी घडी घालतो, तशीच. मग दोन्ही टोकं तशीच दोन-तीनदा आत वळवा. नुसतं पिळून टॉफीसारखं बांधू नका, त्या पिळातून वाफ निघून जाते. आत वाफेला फुगायला दोन बोटं जागा ठेवा. पुडी फुगली की समजा, बांधणी जमली.

जाळ नको, निखारा हवा

निम्म्याहून जास्त पुड्या इथेच फसतात, तेव्हा हे सावकाश वाचा.

कोळसा ढिगाने रचा, मध्ये करवंटीचे दोन तुकडे आणि कापराच्या वड्या ठेवून पेटवा. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यातलं काहीही ओतायचं नाही. भडका तर उडतोच, वर बटाट्याला वास लागतो. पंचवीस-तीस मिनिटांत ज्वाळा बसते, कोळशावर पांढुरकी राख चढते आणि राखेखालून लाली दिसते. तेव्हाच निखारे पसरा. तळहात जाळीच्या चार बोटं वर धरून मोजा. चार-पाच अंक होईपर्यंत हात धरवला तर पुड्या ठेवा. दोनलाच हात मागे आला तर दम धरा, तोवर पापड भाजा.

आमचीही फजिती झालेली आहे. धंदा नवा होता, दहा मंडळींना घेऊन सिगडी कशी चालवायची ते दाखवायला गेलो होतो. सगळे भुकेले, म्हणून धडधडत्या जाळावरच पुड्या ठेवल्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, समोर पाहिलं तेव्हा कळलं. जिथे फॉइलला आतून बटाटा टेकला होता तिथे काही झालं नाही, कारण ती उष्णता बटाट्यातलं पाणी ओढून घेत होतं. मोकळे कोपरे मात्र ठिसूळ होऊन झडले, तिथून तूप गळलं, तुपाने आणखी जाळ घेतला. त्या रात्री दहा जणांनी भेळ खाल्ली.

चकत्यांची पुडी जाळीवर पंचवीस ते तीस मिनिटं घेते. दर सात-आठ मिनिटांनी चिमट्याने उलटा. टोचू नका, अलगद धरा. अख्खा बटाटा सालीसकट गुंडाळून निखाऱ्याच्या कडेला राखेत पुरला तर अंड्याएवढ्याला पाऊण तास आणि मुठीएवढ्याला तासभर द्या. घाई असेल तर घरून कुकरला एक शिट्टी काढून न्या. अशा बटाट्याची पुडी दहा-बारा मिनिटांत होते, फक्त चव थोडी उतरते. शिजलं की नाही हे पुडी न उघडता कळतं: वरून फडक्याने दाबा, बटाटा दबला पाहिजे. उघडताना तोंड लांब ठेवा आणि घडी पलीकडच्या बाजूने सोडा. पहिली वाफ फार जोरात येते.

मसाला

इथे ज्याची त्याची आवड. पोपटीच्या वळणाने जायचं असेल तर जाडं मीठ, ओवा आणि ठेचलेला लसूण, बस. आमच्याकडे सर्वात लवकर संपते ती लाल ठेच्याची पुडी. उपवास असेल तर कांदा गाळून तळाला तूप जरा सढळ घाला, वर जिरं, सैंधव, हिरवी मिरची. दाण्याचं कूट मात्र उघडल्यावर भुरभुरा, आत घातलं की ओलसर होतं.

लिंबू, चिंच, टोमॅटो, दही पुडीत घालू नका. आंबट आणि खारट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमला खातात. स्टीलच्या डब्यातल्या लोणच्यावर फॉइल झाकून पाहा, सकाळी त्याला टाचणीएवढी भोकं दिसतील. लिंबू ताटात पिळा.

घरी, सिगडीशिवाय

ओटीजीत २०० अंशांवर, आधी दहा मिनिटं तापवून, चकत्यांची पुडी पस्तीस-चाळीस मिनिटं. ओटीजी नसेल तर जाड तवा मंद आचेवर, त्यावर पुड्या, वर खोलगट झाकण, आणि अर्ध्या तासात दोनदा उलटणं. गॅसच्या ज्योतीवर पुडी थेट ठेवू नका, वर सांगितलेली फजिती घरात होईल. इंडक्शनवर तर फॉइल नकोच. तो स्वतःच तापून काचेला चिकटतो. मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. ओटीजीत अख्खा बटाटा करायचा असेल आणि साल कुरकुरीत हवी असेल तर आमचा फॉइल वापरूच नका. रोल आम्हीच विकतो, तरी सांगतो. साल कुरकुरीत व्हायला कोरडी हवा लागते. फॉइलमध्ये ती मऊच राहते.

उरलेल्या पुड्या

एवढा परिच्छेद कृपया वगळू नका. शिजलेला बटाटा फॉइलमध्ये तसाच बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खायचा नाही. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जीवाणू मातीत असतो, म्हणजे बटाट्याच्या सालीवरही. पाण्याच्या उकळीइतक्या उष्णतेत त्याचे बीजाणू मरत नाहीत, आणि हवा नाही, ओलावा आहे, कोमट आहे अशी जागा त्यांना फार मानवते. बंद पुडी नेमकी तशीच असते. तिथे ते जे विष तयार करतात त्याला वास नाही, चवही नाही. १९९४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका हॉटेलात फॉइलमध्ये भाजलेले बटाटे बाहेरच ठेवून नंतर त्यांची चटणीसारखी डिप केली गेली. त्यातून ३० जण आजारी पडले, काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागलं. गरम पुडी गरमच खाल्ली तर ही भीती नाही. उरलंच तर दोन तासांच्या आत फॉइल काढून, उघड्या भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा. तंबूत फ्रिज नसतो, तेव्हा माणसं मोजून पुड्या बांधा.

सिगडी आणि परतीचं

थंडी वाजतेय म्हणून विझत आलेली सिगडी तंबूत नेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो, झोपेत कळत नाही. "चेन थोडी उघडी ठेवू" हेही चालणार नाही. पांघरूण जास्त न्या.

राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. जागा कोणाची हे पेटवण्याआधी विचारून घ्या. निखारे वाळूने नाही, पाण्याने विझवा. वाळूखाली ते तासन्‌तास जिवंत राहतात आणि सकाळी तिथे कोणाचं तरी पोर अनवाणी पळतं.

वापरलेला फॉइल आगीत टाकू नका, तो जळून जात नाही, काळा होऊन राखेत उरतो. तिथेच टाकला तर तुपाच्या वासाने गुरं चाटतात, गिळतातही. सगळ्या पुड्यांचा एक गोळा करा आणि आमच्या पिशवीत परत आणा. धुऊन आम्ही तो भंगारात देतो.

परत करताना सिगडी रिकामी आणि गार असावी, घासलेली नसली तरी चालेल. जाळी आम्ही घासतो. चिमटा मात्र मोजून घ्या. तो गवतात राहतो आणि अंधारात सापडत नाही.