देहावरचा भरवसा (ख्रिस्ती विचार)

देहावर भरवसा ठेवणं म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात नुसतं ताकदीवर विसंबणं नाही, घराणं, शिक्षण, पदव्या, इतकंच काय स्वतःचा सोवळेपणा, ह्या सगळ्याच्या जोरावर आपण देवाला पसंत आहोत असं धरून चालणं. हा भरवसा सोडून ख्रिस्तावर विश्वास ठेवायचा, हा विचार बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातला, आणि ते पत्र लिहिणारा पौल म्हणजे ज्यू घरातून आलेला, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक.

फिलिप्पै आजच्या उत्तर ग्रीसमध्ये येतं. इ.स.पू. ४२ च्या लढाईनंतर तिथे निवृत्त रोमन सैनिक वसवले होते आणि रोमन असणं हीच गावाची ऐट, त्यामुळे कोण कुठला ह्याला तिथे फार भाव. अशा लोकांना पौल तुरुंगातून आपला बायोडेटाच लिहितो, आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन हा ज्यूंमधला वंश, इब्र्यांचा इब्री म्हणजे अस्सल ज्यू, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, वर ख्रिस्ती मंडळीचा छळ केला तोही आवेश म्हणून त्याच यादीत, आणि मग म्हणतो की ख्रिस्ताच्या ओळखीपुढे हे सगळं कचरा.

ह्यावरून बरेच जण शिक्षण, करिअर वाईट असा अर्थ काढतात, पण तो टिकत नाही. बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या अध्याय १६ मध्ये ह्याच फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडलेला पौल दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना ठणकावतो की आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशीशिवाय मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. म्हणजे नागरिकत्व त्याने टाकलं नव्हतं, वेळ आली तेव्हा बिनधास्त वापरलं, फक्त देवासमोरच्या हिशोबात ते धरलं नाही.

मराठीत ह्याचं ठळक उदाहरण पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण पुढे त्यांनीच लिहिलंय की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनी भेटला, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा आधी डोक्यानेच चाललं होतं. विद्या मात्र टाकली नाही. केडगावच्या मुक्ती मिशन ह्या त्यांनीच काढलेल्या संस्थेत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही संस्कृतचं ओझं बाजूला ठेवून साध्या बायकांना कळेल असं, आणि एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने हे करावं ह्यात पौलाची ती यादी जास्त नीट दिसते असं मला वाटतं.

दुसरं असंच उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९१७ ला मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, अभंग मात्र शेवटपर्यंत लिहीत राहिले आणि मराठी चर्चमध्ये ते आजही म्हणतात.