पाइपचा भाव, रेझिनचा भाव आणि शेअर: पीव्हीसी उद्योगाची पार्श्वभूमी

वेदगंगा, दूधगंगा किंवा हिरण्यकेशीवरून उसाला पाणी न्यायचे तर निपाणी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात पीव्हीसीची लाइन ओढावी लागते. एक केजी दाब (चौरस सेंटिमीटरला एक किलो) म्हणजे साधारण १० मीटर चढ. त्या हिशेबाने ४० मीटरला चार केजीचा पाइप पुरायला हवा. पण लाइट जाऊन पंप एकदम थांबला की पाण्याचा उलटा दणका बसतो आणि सांधा निखळतो. म्हणून जाणकार सहा केजीचाच पाइप घालतात. पाइपची इतकी पारख असलेला माणूसही पाइप कंपनीचा शेअर घेताना बहुधा नुसता विक्रीचा आकडा पाहतो. नफा-तोटा मात्र ठरतो रेझिनच्या, म्हणजे ज्या पीव्हीसी भुकटीपासून पाइप बनतो तिच्या, भावावर.

पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. ते मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात आणि सोबत कॉस्टिक सोडा निघतो. दुसरा घटक इथिलीन. ते नसेल तर कोळसा आणि चुन्यापासूनच्या कार्बाइडमधून मिळणारा ॲसिटिलीन. चीनचे बहुतेक पीव्हीसी या कार्बाइडच्या वाटेने बनते. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत कॅलिको, कोट्याला डीसीएम आणि मेट्टूरला केमप्लास्ट असे कारखाने उभे राहिले. कोट्याला कार्बाइड, तर मेट्टूरला मळीच्या अल्कोहोलपासूनचे इथिलीन. साखरपट्ट्यातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे बडोद्याला आयपीसीएल ही तेव्हाची सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी, १९९१ मध्ये हजिऱ्याला रिलायन्स आणि १९९४ मध्ये घाटाखाली रत्नागिरीला फिनोलेक्स. २००९ च्या केमप्लास्टच्या कडलूर कारखान्यानंतर मात्र बराच काळ मोठा नवा कारखाना आलाच नाही. मागणी ४० लाख टनांपलीकडे गेली, देशातली क्षमता १५-१६ लाख टनांच्या आसपास राहिली. निम्म्याहून जास्त माल बाहेरून येतो आणि इथला भाव चीन, तैवान, अमेरिकेत ठरतो, तो यामुळेच.

रेझिन विकणाऱ्या केमप्लास्ट सन्मार, डीसीडब्ल्यू, डीसीएम श्रीराम यांचा नफा कच्चा माल आणि रेझिन यांच्या भावातल्या फरकावर चालतो. कॉस्टिकचा भावही त्यात मिसळतो. सुप्रीम, ॲस्ट्रल, प्रिन्स रेझिन विकत घेतात आणि पाइप ओढण्याची मजुरी व नाव यांवर कमावतात. फिनोलेक्स दोन्ही करते, शिवाय तिच्या विक्रीत शेतीच्या पाइपांचा वाटा मोठा. ॲस्ट्रलने १९९९ मध्ये गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी पाइप भारतात आणला आणि घरांतल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची जागा घेतली. ही मागणी पावसावर अवलंबून नाही.

२०२० ते २०२२ या काळाने हा फरक उघड केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठले आणि तिथले रेझिनचे कारखाने बंद पडले, शरद ऋतूत चीनमध्ये वीजकपात झाली आणि रेझिनचा भाव २०२० च्या उन्हाळ्याच्या जवळपास दुप्पट झाला. रेझिन मिळेना, तेव्हा खेळते भांडवल नसलेले छोटे कारखाने थांबले आणि मोठ्यांचा वाटा वाढला. काहींनी खडूची भुकटी वाढवून पाइप स्वस्त केला. असा पाइप वजनाला भारी पण ठिसूळ, दाब आला की उभा चिरतो. २०२२ मध्ये चीनचा बांधकाम व्यवसाय बसला, माल निर्यातीला निघाला आणि भाव कोसळला. १,००० टन साठा असलेल्या कंपनीला किलोमागे १० रुपयांची घसरण म्हणजे थेट १ कोटीचा फटका. सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीत फिनोलेक्सलाही निव्वळ तोटा झाला.

घसरणीत विक्रेते खरेदीच थांबवतात. गोदाम रिकामे ठेवून उद्याच्या कमी भावाची वाट पाहतात, त्यामुळे शेतात मागणी असूनही कंपनीची विक्री पडते. भाव वळला की हेच विक्रेते एकदम माल भरतात आणि ती तिमाही दिसते त्याहून खूप चांगली वाटते. शेतीचा पाइप फेब्रुवारी ते जून खपतो. पावसात चर खणता येत नाही. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी, आणि रुपयांऐवजी टनांतली विक्री व किलोमागचा एबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) पाहावा.

अदानींचा मुंद्र्याचा प्रकल्प १० लाख टनांचा, कोळसा-कार्बाइडच्या वाटेचा आहे. रिलायन्सही क्षमता वाढवत आहे. हा माल बाजारात आला की रेझिनवाल्यांचा फरक आक्रसेल, पाइपवाल्यांना जहाजाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे साठा बाळगावा लागणार नाही.