प्रागैतिहासिक वस्तूंचा अन्वयार्थ व लिंगभाव

लेखनपूर्व काळातील हत्यारे, दागिने, मूर्ती, चित्रे आणि दफने यांचा अर्थ लावताना ती वस्तू कोणी घडविली, कोणी वापरली, थडग्यातील व्यक्ती स्त्री की पुरुष, याविषयी अभ्यासक जे गृहीत धरून चालतात त्याची चिकित्सा या विषयात येते. ‘लिंग’ म्हणजे शरीराचे जैविक लिंग आणि ‘लिंगभाव’ म्हणजे समाजाने स्त्रीपुरुषांना नेमून दिलेली कामे, वेश व मानपान, हा भेद येथे पायाभूत आहे. हाडावरून लिंग बऱ्याच वेळा कळते. लिंगभाव मात्र वस्तू, तिची जागा, झीज आणि संदर्भ यांवरून अनुमानाने काढावा लागतो. बहुतेक वाद या दोहोंच्या गल्लतीतून निर्माण झाले आहेत.

तलवार किंवा भाल्याचे पाते निघाले तर थडगे पुरुषाचे आणि मणी, आरसा किंवा सुताची चाती निघाली तर स्त्रीचे, ही रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिला व्यावहारिक कारणही होते. आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात, दगड व धातू तेवढे उरतात. पण अशा रीतीने लिंग ठरविलेल्या थडग्यांची यादी करून पुढे तिच्याच आधारे ‘शस्त्रे पुरुषांबरोबरच पुरली जात’ असे सांगितले गेले, तेव्हा युक्तिवाद चक्राकार झाला. जुन्या अहवालांचा उपयोग करताना ‘पुरुष’ ही नोंद हाडांवरून केली आहे की वस्तूंवरून, हे प्रथम तपासावे लागते. अनेक अहवालांत ते स्पष्ट लिहिलेलेच नसते.

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी सामान्यतः मार्गारेट काँकी व जॅनेट स्पेक्टर यांच्या १९८४ च्या निबंधापासून धरतात. तथापि नॉर्वेत १९७९ मध्येच ‘ते सारे पुरुषच होते का?’ या प्रश्नावर पुरातत्त्वज्ञांचा परिसंवाद झाला होता. त्याचे वृत्त १९८७ मध्ये छापले गेल्याने इंग्रजी वाचकांपर्यंत तो उशिरा पोहोचला. काँकी व स्पेक्टर यांनी दुहेरी मापाचे जे उदाहरण पुढे आणले ते अजूनही शिकविले जाते : कुटण्याचा दगड स्त्रीच्या थडग्यात आढळला तर तो ती वापरत असे, पुरुषाच्या थडग्यात आढळला तर तो त्याने घडविला असावा. भालाफेकीचा दांडा स्त्रीजवळ आढळल्यास मात्र तो विधीपुरता ठरे. जोन गेरो यांनी १९९१ मध्ये दगडी हत्यारांचा अभ्यास कोण करतो याकडे लक्ष वेधले. रेखीव पाती घडवून पाहण्याचे प्रयोग प्रामुख्याने पुरुष संशोधक करत, आणि कोणताही घाट न देता वापरलेले साधे छिलके (दगडावरून उडविलेले तुकडे) दुर्लक्षित राहत. घरात व वस्तीत झालेले बरेचसे काम अशा छिलक्यांनीच झालेले असते.

सांगाड्याचे लिंगनिश्चयन

प्रौढ सांगाड्यात सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे श्रोणी (कमरेच्या हाडांचा कटोरा). फेनिस यांनी १९६९ मध्ये श्रोणीच्या पुढील भागातील जघनास्थीवरील तीन खुणा वापरण्याची पद्धत दिली. त्या तिन्ही दिसत असतील तर निदान सु. ९५ टक्के बरोबर येते असे मानतात. अडचण अशी, की जघनास्थी पातळ असते आणि मातीच्या दाबाने ती बहुधा सर्वांआधी मोडते. मग श्रोणीच्या मागील खाचेच्या रुंदीवर आणि कवटीवर भिस्त ठेवावी लागते. कवटीत भुवयांवरचा उंचवटा, कानामागील हाडाचा आकार, मानेच्या स्नायूंची कड, डोळ्याच्या खोबणीची वरची कड व हनुवटी यांना १ ते ५ अशा श्रेणी देतात. या श्रेणी वयानुसार सरकतात : तरुण पुरुषाची कवटी नाजूक दिसून स्त्रीची वाटते, उतारवयातील स्त्रीची कवटी राकट होऊन पुरुषाची वाटते. लोकसमूहानुसारही फरक पडतो. त्यामुळे एका प्रदेशातील सांगाड्यांवर बसविलेले माप दुसरीकडे जसेच्या तसे लावणे धोक्याचे असते. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये दाखविले, की जुन्या सांगाड्यांच्या निदानात सु. १२ टक्के कल पुरुषांकडे झुकतो. संदिग्ध हाड ‘दणकट’ दिसले की ते पुरुषाच्या खात्यात जाते. लहान मुलांच्या हाडांवरून लिंग विश्वासार्हपणे कळत नाही. म्हणून मुलांच्या दफनांना वस्तूंवरून मुलगा वा मुलगी ठरविण्याची सवय अधिक काळ टिकली.

प्राचीन डीएनए मिळत असल्यास प्रश्न बराच सुटतो. कानाच्या आतील भागाभोवतीचे कठीण हाड व दातांची मुळे यांत तो अधिक टिकतो. वाचलेल्या तुकड्यांपैकी एक्स व वाय गुणसूत्रांवर एकूण किती पडतात आणि त्यांत वायचा वाटा किती, हे मोजतात. २०१३ मध्ये सुचविलेल्या मर्यादांनुसार हा वाटा ०.०१६ पेक्षा कमी असेल तर स्त्री, ०.०७५ पेक्षा अधिक असेल तर पुरुष, आणि मधला निकाल अनिश्चित. उत्खननकार वा संग्रहालयातील हाताळणारा पुरुष असेल आणि त्याचा डीएनए हाडावर लागलेला असेल तर स्त्रीच्या हाडातही वायचे तुकडे येतात. म्हणून तुकड्यांवरील झिजेच्या रासायनिक खुणा पाहून जुना डीएनए वेगळा काढतात.

उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नष्ट होतो, तेथे दंतवल्कातील (दाताच्या कठीण बाह्य आवरणातील) प्रथिने उपयोगी पडतात. दंतवल्क बनविणाऱ्या ॲमेलोजेनिन प्रथिनाची जनुके एक्स व वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असून त्यांच्या प्रथिनांत थोडा फरक असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृतीत दात सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने व शुद्ध पाण्याने स्वच्छ करतात. ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दंतवल्काचा पृष्ठभाग दोन मिनिटे बुडवितात, हा पहिला द्राव टाकून देतात, आणि ताज्या आम्लात पुन्हा दोन मिनिटे बुडवून मिळालेल्या द्रावातील पेप्टाइडे (प्रथिनांचे लहान तुकडे) गाळून वस्तुमान-वर्णपटमापकावर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. दाताला होणारी इजा नाममात्र असते. वायचे पेप्टाइड दिसले तर पुरुष, हे निदान पक्के. ते न दिसणे मात्र तेवढे पक्के नाही. पुरुषांतही वायच्या प्रथिनाचा वाटा सु. एकदशांशच असतो, त्यामुळे नमुना क्षीण असेल तर पुरुष स्त्री म्हणून नोंदला जाऊ शकतो. काही पुरुषांत वायवरील हे जनुक गळालेलेही असते. म्हणून एक्सच्या पेप्टाइडाची तीव्रता पुरेशी असेल तरच ‘स्त्री’ असे लिहावे, हा संकेत योग्य आहे.

फेरतपासणीची काही प्रकरणे

वेल्समधील पॅव्हिलँडच्या गुहेत विल्यम बकलंड यांना १८२३ मध्ये गेरूने माखलेला सांगाडा मिळाला. जवळच शिंपल्यांचे मणी व हस्तिदंती काड्या होत्या. टेकडीवरील जुन्या छावणीशी संबंध जोडून त्यांनी ती रोमनकालीन स्त्री ठरविली आणि ‘पॅव्हिलँडची तांबडी बाई’ हे नाव रुळले. सांगाडा प्रत्यक्षात तरुण पुरुषाचा, सु. ३३,००० वर्षांपूर्वीचा आहे. नाव अजून बदललेले नाही. फ्रान्समधील व्हिक्स येथे १९५३ मध्ये उघडलेल्या, इ. स. पू. सु. ५०० च्या थडग्यात सोन्याचा कंठा व १.६४ मी. उंचीचे कांस्यपात्र होते. एवढे वैभव स्त्रीचे असणे काहींना पटेना, म्हणून मृत व्यक्ती स्त्रीवेशधारी पुरोहित असावी असेही सुचविले गेले. सांगाडा स्त्रीचा आहे, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

स्पेनमधील व्हॅलेन्सिना येथे २००८ मध्ये मिळालेल्या, ताम्रपाषाणयुगातील अत्यंत संपन्न दफनाला हाडांवरून ‘बहुधा तरुण पुरुष’ ठरवून ‘हस्तिदंत पुरुष’ म्हटले जाई. २०२३ मध्ये दंतवल्काच्या तपासणीत ती स्त्री निघाली. पेरूमधील विलामाया पात्क्सा येथील सु. ९,००० वर्षांपूर्वीच्या दफनात मोठ्या जनावरांच्या शिकारीचा दगडी संच एका तरुण स्त्रीजवळ मिळाला. याच शोधनिबंधात (२०२०) अमेरिका खंडांतील १०७ स्थळांवरच्या ४२९ व्यक्तींचा आढावा असून, अशी हत्यारे जवळ असलेल्या २७ व्यक्तींपैकी ११ स्त्रिया असल्याचे म्हटले आहे. संख्या लहान आहे. शिवाय थडग्यात ठेवलेली वस्तू मृताने वापरलेलीच असते असे नाही. पण ही शंका पुरुषाच्या थडग्याबाबत क्वचितच घेतली गेली होती, हाच मुद्दा.

स्वीडनमधील बिर्का येथील ‘बीजे ५८१’ हे थडगे दहाव्या शतकातील, म्हणजे तेथील कालगणनेनुसार प्रागितिहासाच्या अगदी शेवटचे आहे. १८७८ मध्ये याल्मार स्टोल्पे यांनी उघडलेल्या या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे व सोंगट्या होत्या, आणि ते आदर्श योद्ध्याचे मानले जाई. २०१७ मध्ये दात व दंडाचे हाड या दोन्हींच्या डीएनएवरून ती एकच स्त्री असल्याचे सिद्ध झाले. जुन्या संग्रहातील हाडांची अदलाबदल झाली असेल, ही पहिली हरकत स्टोल्पे यांच्या रेखाचित्रांमुळे व नोंदींमुळे फारशी टिकत नाही. ती प्रत्यक्ष लढत होती का, हा दुसरा प्रश्न योग्य आहे. डीएनए त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

याच्या उलट पुरावाही आहे आणि तो झाकू नये. मध्य युरोपातील ‘कॉर्डेड वेअर’ (दोरीचे ठसे असलेल्या भांड्यांच्या) संस्कृतीत पुरुष उजव्या व स्त्रिया डाव्या कुशीवर निजवीत, आणि ही रीत बहुतांशी काटेकोर पाळलेली दिसते. ऑस्ट्रियातील फ्रान्झहाउझेन येथील कांस्ययुगीन बालदफनांत दंतवल्कावरून निघालेले लिंग व दफनाची ठेवण जवळजवळ सर्वत्र जुळली. म्हणजे काही समाजांत लिंगभावाची संहिता कडक होती. चूक होते ती हीच संहिता सर्वत्र लागू केल्याने.

‘व्हीनस’ हे नाव

पुराश्मयुगीन स्त्रीमूर्तींना व्हीनस (रोमन प्रेमदेवता) म्हणण्याची प्रथा मार्क्विस द व्हिब्रे यांच्यापासून सुरू झाली, असे मानतात. लोझरी-बास येथील मूर्तीला त्यांनी १८६४ च्या सुमारास ‘निर्लज्ज व्हीनस’ म्हटले. अंग झाकणाऱ्या अभिजात व्हीनसवरचा तो विनोद होता. पुढे एद्वार पीएत यांनी ब्रासाँपुईच्या मूर्तींची तुलना आफ्रिकी स्त्रियांच्या देहाशी केली आणि नावाला वंशवादाचीही झाक आली. विलेनडॉर्फ (१९०८, उंची सु. ११ सेंमी.) येथील मूर्तीने ते कायम झाले. प्रजननदेवता, शृंगारिक वस्तू, महामाता असे अर्थ क्रमाने आले. प्राचीन युरोपात एका महादेवीची उपासना होती, या मारिया गिम्बुटास यांच्या महादेवी-सिद्धान्ताला पीटर उको यांची चिकित्सा (१९६८) आधीपासूनच अडचणीची होती : अनेक मूर्ती लिंगहीन किंवा संदिग्ध असतात, आणि त्या कचऱ्यातही मिळतात. मूर्तींच्या अवयवांची प्रमाणे स्वतःकडे वरून पाहणाऱ्या गर्भवतीने ठरविली असावीत, हे १९९६ चे मत कल्पक आहे, परंतु पाठीकडील बारकाव्यांचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

अधिक ठोस निरीक्षण २००० मध्ये ओल्गा सॉफर व सहकाऱ्यांनी मांडले. विलेनडॉर्फ मूर्तीच्या डोक्यावरील वळ्या केसांच्या नसून मध्यापासून गोल विणत नेलेल्या टोपीच्या आहेत. डोल्नी व्हेस्टोनित्से व पाव्हलॉव्ह येथील भाजलेल्या मातीवर विणकामाचे ठसे मिळतात. धागा, दोर व टोपल्या कुजून जातात आणि दगड उरतो, त्यामुळे ‘अश्मयुग’ या नावातच एक पूर्वग्रह दडलेला आहे.

श्रमविभागणी व हाताचे ठसे

शिकारी-संकलक समाजांवरील १९६६ च्या शिकागो परिषदेनंतर ‘शिकारी पुरुष’ हे प्रारूप प्रबळ झाले. सॅली स्लोकम यांनी १९७१ मध्ये संकलन करणाऱ्या स्त्रीची बाजू मांडली. २०२३ मधील एका आढाव्यात ६३ शिकारी-संकलक समाजांपैकी ७९ टक्क्यांत स्त्रिया शिकार करतात असे म्हटले. समाजांची निवड व ‘शिकार’ या नोंदीची व्याख्या यांवर लगेच टीका झाली, आणि ती बरीच रास्त आहे. हाडांवरील श्रमाच्या खुणा अधिक बोलतात. सिरियातील अबू हुरेरा येथे गुडघ्यावर बसून दळण दळल्याच्या खुणा पायाच्या बोटांत, मुख्यतः स्त्रियांत, दिसतात. मध्य युरोपातील आद्य शेतकरी स्त्रियांची दंडाची हाडे आजच्या स्त्री नौकापटूंपेक्षाही दणकट होती. भालाफेकीने होणारी कोपराची इजा मात्र युरोपीय नमुन्यात पुरुषांतच आढळली.

गुहांच्या भिंतींवरील हातांच्या ठशांवर डीन स्नो यांचे काम (२०१३) गाजले : फ्रान्स व स्पेनमधील ८ गुहांतील ३२ ठशांपैकी २४ त्यांनी स्त्रियांचे ठरविले. हाताच्या आकाराने प्रौढ पुरुष वेगळे काढून बोटांच्या प्रमाणाने किशोर व स्त्रिया यांत भेद करावयाचा, ही पद्धत. आधुनिक हातांवर ती सु. ६० टक्केच अचूक ठरते.

सिंधू संस्कृती

मोहेंजोदडोच्या सु. १०.५ सेंमी. उंच कांस्यमूर्तीला ‘नर्तकी’ व १७.५ सेंमी.च्या अश्मप्रतिमेला ‘पुरोहित-राजा’ ही नावे उत्खननकाळातच मिळाली. दोन्हींना लिखित वा वास्तुगत आधार नाही. स्त्रीच्या वाट्याला नाच व पुरुषाच्या वाट्याला सत्ता आली, एवढेच त्यांतून दिसते. मातीच्या स्त्रीमूर्तींना जॉन मार्शल यांनी मातृदेवता म्हटले, पण अनेक मूर्तींवर लिंगाची खूण स्पष्ट नसते. थडग्यांच्या बाबतीत, हरप्पा येथे प्रौढ स्त्रियांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या वारंवार मिळतात. जैवरासायनिक पडताळणी येथे फार थोडी झाली आहे. राखीगढी येथील ६१ नमुन्यांपैकी एकाच सांगाड्यातून, तोही स्त्रीचा, वापरण्याजोगा डीएनए मिळाला (२०१९).