भिंत, बोर्ड आणि पुन्हा भिंत

नागपुरात स्केटिंग म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर येतात ती चाकांचे बूट घालून गोल फिरणारी मुलं. स्केटबोर्ड त्यामानाने नवखा. त्यातही चाकं न लावलेला, खालच्या बाजूला चित्र छापलेला नुसता डेक विकत घेऊन बैठकीत टांगायचा म्हटलं, की घरातलं कुणीतरी विचारणारच, "मग चालवायचा कधी?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

डेक म्हणजे मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून, दाबून बाक दिलेली फळी. रुंदी साधारण ८ इंच, लांबी ३१-३२ इंच. १९७० च्या दशकात युरेथेन या टिकाऊ प्लास्टिकची चाकं आली, खेळ फोफावला आणि कॅलिफोर्नियात वेस हम्पस्टनने 'डॉगटाउन' या नावाच्या बोर्डांवर हाताने चित्रं काढायला सुरुवात केली. पुढच्या दशकात कवट्या आणि चित्रकार जिम फिलिप्सने काढलेला 'किंचाळणारा हात' यांची चलती होती. पण चित्र असे खालच्या अंगाला. कठड्यावरून बोर्ड घसरवला की पहिला ओरखडा त्यालाच. बहुतेक डेक असेच झिजले, मोडले. म्हणूनच कोरा राहिलेला जुना डेक दुर्मीळ झाला आणि त्याला गिऱ्हाईक मिळू लागलं.

रस्त्यावरच्या चित्रांचं प्राक्तनही असंच. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग १९८० ते १९८५ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवरच्या काळ्या कागदावर खडूने चित्रं काढायचा. पोलिसांनी त्याला पकडलंही. नाव झालं तसे लोक ते कागदच कापून नेऊन विकू लागले, आणि त्याने ते काम थांबवलं. १९८६ मध्ये त्याने लाफायेट स्ट्रीटवर, २९२ क्रमांकाच्या जागेत 'पॉप शॉप' उघडलं. ज्यांना कलादालनात पाय ठेवायला संकोच वाटतो, त्यांनाही आपलं चित्र परवडावं हा हेतू. समीक्षकांनी नाकं मुरडली. त्याच रस्त्यावर २७४ क्रमांकाला १९९४ मध्ये 'सुप्रीम' हे स्केटबोर्डचं दुकान सुरू झालं. पुढे कॉज, ताकाशी मुराकामी, डेमियन हर्स्ट अशांची चित्रं त्याच्या डेकवर आली. जानेवारी २०१९ मध्ये सदबीजच्या लिलावात 'सुप्रीम'च्या २४८ डेकचा संपूर्ण संच ८ लाख डॉलरला गेला. त्यातल्या कशालाही चाकं लागायची नव्हती, हे सांगायला नको.

बेल्जियमच्या 'द स्केटरूम' या कंपनीने २०१४ पासून बास्किया, हेरिंग, वॉरहॉल यांची चित्रं डेकवर आणली. चित्र रुंद असेल तर तीन-तीन डेकवर तोडून ते शेजारी लावायचं. त्यातला पैशाचा काही वाटा २००७ मध्ये काबूलमध्ये सुरू झालेल्या, मुलांना स्केटबोर्डिंगच्या जोडीने शिकवणाऱ्या 'स्केटिस्तान'सारख्या संस्थांकडे जातो. छपाईत मात्र सोय वरचढ ठरली. बाकदार फळीवर स्क्रीन प्रिंट करणं कौशल्याचं आणि किचकट. आता फिल्मवर छापलेलं चित्र उष्णता देऊन लाकडावर उतरवतात. मला विचाराल तर स्क्रीन प्रिंटचा रंग डोळ्यांना जास्त भरीव वाटतो.

चाकं असलेलं लाकूड रंगवून, सजवून पिढ्यान्‌पिढ्या जपणं नागपूरला नवं नाही. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल कित्येक वाड्यांत असेच सांभाळलेले आहेत. फरक हा, की बैल वर्षातून एकदा तरी रस्त्यावर निघतो.

आता इथल्या भिंतींकडे येऊ. मार्च २०२३ मध्ये सी-२० म्हणजे जी-२० शी जोडलेल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या निमित्ताने शहरातल्या भिंती रंगल्या. उद्या त्यातलं एखादं चित्र कुणी डेकवर छापलं तर? सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करायला १९५७ चा कॉपीराइट कायदा सवलत देतो. रंगवलेल्या चित्राला ती सवलत लागू नाही, तेव्हा परवानगी हवीच. पण ती द्यायची कुणी? मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. म्हणजे परवानगीचा आणि पैशाचा अधिकार त्याच्याकडे. चित्रकाराकडे उरतो तो याच कायद्याच्या कलम ५७ खालचा हक्क: चित्र माझं आहे असं म्हणण्याचा, आणि त्याची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा. डेकवर आपल्याच चित्रातून वाटा हवा असेल, तर शिडीवर चढण्याआधी करारात तसं एक वाक्य लिहून घ्यावं लागतं.