विंडोजला डिस्क का दिसत नाही?

जेल रोडवरून नवी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) आणली, लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून बसवली, पेन ड्राइव्हवरून विंडोज सुरू केलं आणि ‘विंडोज कुठे टाकायचं’ असं विचारणाऱ्या पडद्यावरची यादी कोरी! इंदुरात अशा वेळी बरेचजण ती एसएसडी घेऊन तडक दुकान गाठतात. त्याआधी लॅपटॉप बंद करून बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) उघडून बघा. तिथे एसएसडीचं नाव आणि क्षमता दिसत असेल, तर एसएसडी बहुधा ठणठणीत आहे; घोडं अडलंय ते कंट्रोलरपाशी.

डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामध्ये कंट्रोलर असतो. साध्या साटा (जुन्या जोडणीच्या) डिस्कसाठी तो मदरबोर्डवर असतो, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) एसएसडीत खुद्द एसएसडीवरच. प्रत्येक कंट्रोलर आपली जात एका ठरावीक क्रमांकानं सांगतो आणि त्यावरून विंडोज ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, निवडतं. साटासाठीचं एएचसीआय (२००४) आणि एनव्हीएमई (२०११) ही खुली मानकं असल्यामुळे त्यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतात.

इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासून (२०२०) बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, हा आणखी एक कंट्रोलर कारखान्यातूनच चालू असतो. तो एसएसडीच्या पुढे उभा राहतो आणि तिला आपल्या आड घेतो. राजवाड्याच्या देवडीवर पहारेकरी उभा असावा, तसं. त्याची भाषा येत नसेल तर आत किती खोल्या आहेत हे बाहेरच्याला कळतच नाही. बायोसकडे त्या भाषेचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, म्हणून त्याला एसएसडी दिसते. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तो नसला की यादी कोरी राहते.

उपाय म्हणजे इन्स्टॉलरला ड्रायव्हर देणं. विंडोज एक्सपीच्या काळात यासाठी सुरुवातीलाच एफ-६ दाबून फ्लॉपी घालावी लागे. आजही या फाइलींना ‘एफ-६ ड्रायव्हर’ म्हणतात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधा आणि ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ (आरएसटी) या नावाचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उतरवलेली .ईएक्सई फाइल तशीच पेन ड्राइव्हवर टाकून भागत नाही. इन्स्टॉलरला .आयएनएफ, .एसवायएस आणि .कॅट अशा सुट्या फाइली लागतात आणि त्या एकाच फोल्डरमध्ये असाव्या लागतात. झिप मिळाली असेल तर नुसती उघडा. इंटेलची ‘सेटअपआरएसटी’ मिळाली असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावानंतर एक जागा सोडून वजा चिन्ह, त्याला जोडून ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ (इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता), पुन्हा एक जागा आणि नव्या फोल्डरचं नाव असं टाइप करा. फाइली सुट्या होऊन त्या फोल्डरमध्ये येतील.

आता कोऱ्या यादीखालचं ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, मग ‘ब्राउझ’, आणि फोल्डर दाखवा. न जुळणारे ड्रायव्हर लपवण्याची खूण तशीच राहू द्या. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर’ आणि त्यापुढे एक कोड येईल: अकराव्या पिढीला ९ए०बी, बाराव्या पिढीला ४६७एफ. तो निवडून ‘नेक्स्ट’ दाबलं की काही सेकंदांत एसएसडी यादीत हजर. काहीच आलं नाही, तर ड्रायव्हर दुसऱ्या पिढीचा आहे किंवा फोल्डर चुकलंय. एएमडी प्रोसेसरच्या रेड मांडणीत (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीत) मात्र तीन ड्रायव्हर लागतात, तेही याच क्रमानं: आधी आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी.

‘त्यापेक्षा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून टाका,’ हा सल्ला सर्रास मिळतो. नव्या, रिकाम्या एसएसडीवर तो चालतो. एसरच्या अनेक लॅपटॉपवर हा पर्याय लपलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो दिसतो. पण ज्या लॅपटॉपवर विंडोज आधीपासून चालतंय, तिथे असं परस्पर करू नका. सुरू होताना विंडोज फक्त गरजेचा डिस्क ड्रायव्हर उचलतं. कंट्रोलर अचानक बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेला निळा पडदा येतो. डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. बायोसमधली सेटिंग पूर्ववत केली की विंडोज उठतं.

बदल करायचाच असेल तर आधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. अकाउंटचा पासवर्डही आठवायला हवा, कारण सेफ मोडमध्ये (मोजक्या मूलभूत ड्रायव्हरवर विंडोज चालतं त्या अवस्थेत) पिन चालेलच असं नाही. मग सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या ‘बूट’ पानावर ‘सेफ बूट, मिनिमल’ निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, आणि मग ‘सेफ बूट’ची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. दोन डिस्क जोडून रेड केलेली असेल किंवा ऑप्टेन मेमरी (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी) असेल, तर या वाटेला जाऊच नका. तिथे डेटाच हाती लागेनासा होऊ शकतो.

एकच एसएसडी असली तरी आमचं मत ड्रायव्हर घालण्याकडेच झुकतं. व्हीएमडी बंद करून टाकलेलं विंडोज वर्षभर बिनतक्रार चालतं. मग एखाद्या दिवशी बायोस अपडेट होतो किंवा कुणीतरी ‘लोड डिफॉल्ट्स’ दाबतं, व्हीएमडी पुन्हा चालू होतो आणि निळा पडदा येतो. तोवर वर्षापूर्वी काय बदललं होतं हे घरात कुणालाच आठवत नसतं. व्हीएमडी बंद केलाच असेल, तर तसं एका चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवा.