वर्षाचं मिक्स: सोलच्या हातगाडीपासून आजच्या प्लेलिस्टपर्यंत

डिसेंबर अर्धा सरला की कोरियन पॉपच्या चाहत्यांच्या मागे एक जादाचं काम लागतं. वर्षभरात आलेल्या गाण्यांतून वीस-बावीस निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, जमल्यास एखादं मुखपृष्ठ करायचं आणि सगळ्याला त्या वर्षाचं नाव द्यायचं. हेच वर्षाचं मिक्स. कोणी ते मैत्रिणींना पाठवतं, कोणी स्वतःपुरतं ठेवतं. ही सवय अमेरिकी मिक्सटेपकडून, म्हणजे आवडीची गाणी निवडून भरलेल्या कॅसेटकडून आली, असं बहुतेक जण धरून चालतात. फिलिप्सची कॅसेट १९६३ची, सोनीचा वॉकमन १९७९चा. तेवढा वारसा साऱ्या जगाचा आहेच. पण कोरियन गाणी निवडून एकत्र बांधण्याची सोलची, म्हणजे दक्षिण कोरियाच्या राजधानीची, स्वतःची परंपरा आहे, तीही बरीचशी बेकायदा. आजच्या मिक्सचं नातं मला तिच्याशी जास्त दिसतं.

त्याआधी निवड सरकारच्या हातात होती. १९७५ मध्ये अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने लोकप्रिय गाण्यांची 'साफसफाई' काढली. शिन जुंग-ह्यन या रॉक संगीतकाराच्या गाण्यांवर बंदी आली, गांजाच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि १९७९ मध्ये पार्क यांची हत्या होईपर्यंत त्यांना मंच मिळाला नाही. ऐंशीच्या दशकात आणखी एक नियम चालू राहिला: प्रत्येक अल्बममध्ये एक तरी 'निकोप' गाणं हवं. देशप्रेम, कष्ट, एकोपा असा मजकूर. त्यामुळे विरहाची गाणी ऐकून डोळे पुसावेत, तोच रेकॉर्डच्या शेवटी कवायतीचा सूर लागायचा. गंमत म्हणजे त्यातलंच एक, जंग सू-रा यांनी गायलेलं 'आ! देहानमिंगुक', खरोखर लोकांच्या ओठी बसलं. बाकीची बहुतेक जागा अडवून राहिली. अल्बम जसा आला तसाच ऐकायचा, हा आग्रह कोरियन श्रोत्याने फारसा मनावर घेतला नाही. त्याचं एक कारण मला या सक्तीच्या गाण्यांत सापडतं.

पोरं कॅसेट भरायची ती रेडिओवरून. एमबीसी या कोरियन वाहिनीच्या रेडिओवर १९६९ पासून चालत आलेला 'तारे लखलखणाऱ्या रात्री' हा कार्यक्रम १९८५ ते १९९६ या काळात गायक ली मून-से यांनी चालवला आणि शाळकरी मुलांची एक अख्खी पिढी त्यावर जागली. सॅमसंगचा 'मायमाय', गोल्डस्टारचा 'आहा', देवूचा 'योयो' असे खिशातले कॅसेट प्लेअर घरोघर आले होते. ज्याच्याकडे धीर नव्हता तो रेकॉर्डच्या दुकानात गाण्यांची यादी देई आणि दुकानदार कॅसेट भरून देई. आपल्याकडेही पुण्यापासून पणजीपर्यंत त्याच दशकात हा उद्योग जोरात होता. साठ मिनिटांची की नव्वदची, एवढाच प्रश्न असायचा.

नव्वदच्या दशकात हे काम हातगाडीवर गेलं. सोलच्या गजबजलेल्या रस्त्यांवर फेरीवाले गाडीला कर्णा लावून चोरट्या कॅसेट विकत. त्यांवर एका गायकाची गाणी नसत. त्या आठवड्यात चाललेली सगळ्या कंपन्यांची गाणी एकापाठोपाठ भरलेली असत. जे चालत नाही ते पुढच्या खेपेला गळे, जे चालतं ते पहिल्या क्रमांकावर जाई. लोकांनी याला 'गिलबोर्ड' म्हणायला सुरुवात केली: रस्त्याला कोरियनमध्ये 'गिल', बाकीचं गाण्यांच्या क्रमवारीसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी 'बिलबोर्ड' मासिकाचं. नाव थट्टेचं होतं, पण गाड्यांवरून आपलं गाणं वाजतंय का, यावरून गायकाला आपली खरी पत कळे. टीव्हीवरच्या क्रमवारीत कंपन्यांची आणि वाहिन्यांची गणितं असत. गाडीवाल्याला फक्त कॅसेट खपवायची होती. अर्थात या धंद्यातून ना गायकाला पैसा मिळे, ना गीतकाराला. चाहत्यांच्या आठवणींत गिलबोर्डला जे गुलाबी तेज चढतं, ते या बाजूने पाहिलं की उतरतं.

त्या कॅसेट भरायला गाणीही नवी लागली, आणि ती आली १९९२ मध्ये. त्या एप्रिलमध्ये गायक सो ताइजी आणि दोन साथीदार एमबीसीच्या नव्या चेहऱ्यांच्या कार्यक्रमात उतरले. रॅप, गिटार आणि नाच एकाच गाण्यात बघून परीक्षकांनी त्यांना तळाचे गुण दिले. पुढचे महिनोन्महिने देशभर तेच गाणं वाजत होतं. १९९५ च्या चौथ्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शब्दांवर पूर्वपरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा सो ताइजीने शब्द बदलले नाहीत. नुसतं संगीत छापलं. चाहते खवळले. लोकगायक जंग ते-चुन आधीपासून याच मुद्द्यावर लढत होते. जून १९९६ मध्ये पूर्वपरीक्षण रद्द झालं. त्याच सप्टेंबरमध्ये ली सू-मान यांच्या एसएम कंपनीने एच.ओ.टी. हा पाच मुलांचा गट आणला आणि आज आपण ज्याला के-पॉप म्हणतो त्याचा साचा पडला: लहान वयात निवड, वर्षानुवर्षांची तालीम, गटाचा ठरलेला रंग. एच.ओ.टी.च्या चाहत्यांचे फुगे पांढरे, प्रतिस्पर्धी जेक्सकीसच्या चाहत्यांचे पिवळे. दोन्हीकडची गाणी एकाच कॅसेटवर सुखाने नांदत होती ती फक्त हातगाडीवर.

१९९८ मध्ये कोरियाच्या साएहान कंपनीने 'एमपीमॅन' आणला. बाजारात आलेला हा जगातला पहिला खिशातला एमपीथ्री प्लेअर. त्यात जागा होती ३२ मेगाबाइट, म्हणजे ठीकठाक आवाजात जेमतेम आठ गाणी. आठच न्यायची तर कोणती, हा प्रश्न आला की माणूस आपोआप संकलक होतो. २००० च्या मे महिन्यात यांग आडनावाच्या दोघा भावांनी 'सोरीबादा' ही फाइल वाटून घेण्याची सेवा सुरू केली आणि हातगाड्यांचा धंदा हळूहळू बसला. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या, २००२ मध्ये सोरीबादाला सर्व्हर बंद करावे लागले, पण तोवर गाणं सुटं झालं होतं. कंपन्यांनी स्वतःही संकलनाची हवा ओळखली. २००१ मध्ये अभिनेत्री ली मी-यनचं छायाचित्र मुखपृष्ठावर घेऊन निघालेला 'यन्गा' हा जुन्या-नव्या प्रेमगीतांचा अनेक सीडींचा संच इतका खपला की त्याच्यामागे तशाच संचांची रांग लागली.

परदेशातल्या चाहत्यांचा रस्ता वेगळा आणि खडबडीत होता. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'सूम्पी'सारख्या चाहत्यांच्या संकेतस्थळांवरून गाणी हाती लागायची, पण फाइलवरची कोरियन नावं विंडोजवर उघडली की चौकोन आणि चिन्हांची खिचडी दिसायची. प्रत्येक नाव रोमन लिपीत बसून पुन्हा टाइप करावं लागे. मग ऐंशी मिनिटांच्या कोऱ्या सीडीत ती गाणी बसवायची. वर्षाचं मिक्स ऐंशी मिनिटांतच हवं असा हट्ट धरणारे चाहते आजही आहेत. सीडी ड्राइव्ह कधीच अडगळीत गेला तरी हट्ट तेवढा राहिला. मला तो पटतो. मर्यादा नसलेली यादी ही निवड नसते, साठवण असते.

मात्र मिक्स वर्षाचंच का? आवडत्या गायकाचं का नाही, पावसाळ्याचं का नाही? याचं उत्तर कोरियाच्या संगीत-धंद्याच्या वेळापत्रकात आहे. २००७ च्या सुमारास पूर्ण अल्बम मागे पडले आणि पाच-सहा गाण्यांचे मिनी अल्बम वाढले. गट वर्षातून दोन-तीनदा नवं गाणं घेऊन येतो. टीव्हीवरच्या कार्यक्रमांतून, गुरुवारी 'एम काउंटडाऊन', शुक्रवारी 'म्युझिक बँक', शनिवारी 'म्युझिक कोअर', रविवारी 'इंकिगायो' अशी तीन-चार आठवडे फेरी मारतो आणि पडद्यावरून उतरतो. गाण्याला त्याच्या ऋतूची, कपड्यांची, केसांच्या रंगाची तारीख चिकटलेली असते. अल्बमची वस्तू तर आता फोटोकार्डसाठी, म्हणजे आत घातलेल्या कलाकाराच्या छायाचित्राच्या कार्डासाठी घेतली जाते; २०१० मध्ये गर्ल्स जनरेशन या गटाच्या अल्बमपासून ही चाल रुळली. ती शेल्फवर राहते, गाणी फोनवर. म्हणजे गाण्यांची मांडणी करायला कंपनी उरलेलीच नाही, ते काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडलं आहे.

गटांचं आयुष्यही मोजून दिलेलं. टीव्हीएक्सक्यू गटातल्या तिघांनी जुलै २००९ मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्ट गाठल्यावर कोरियाच्या व्यापार आयोगाने नमुना करार काढला आणि कमाल मुदत सात वर्षं ठरली. त्यामुळे सात वर्षांनी गट फुटणं हे नेहमीचंच झालं. एखादीने तिच्या गटाच्या पदार्पणापासून दरवर्षी मिक्स केलं असेल, तर तिच्याकडे त्या गटाचं चरित्रच तयार होतं. छोट्या कंपन्यांचे गट तर सात वर्षंही टिकत नाहीत. दीड वर्षात तीन गाणी काढून नाहीसे झालेले असे किती गट आज फक्त कुणाच्या तरी मिक्समध्ये चौदाव्या क्रमांकावर जिवंत आहेत. पुरस्कार सोहळ्यांत त्यांना खुर्चीही मिळाली नव्हती.

सोहळ्यांचं 'वर्ष' हाही वेगळाच मामला. डिसेंबरअखेरीस केबीएस, एसबीएस आणि एमबीसी या तिन्ही वाहिन्यांचे मोठे कार्यक्रम होतात. एमबीसीचा ३१ च्या रात्री सुरू होऊन नव्या वर्षात शिरतो. पण 'मामा'सारख्या (एमनेट एशियन म्युझिक अवॉर्ड्स) पुरस्कारांना त्याच्या कितीतरी आधी खिडकी बंद करावी लागते. एक्सो गटाचा 'मिरॅकल्स इन डिसेंबर' हा अल्बम २०१३ च्या डिसेंबरात आला, तेव्हा त्या वर्षीचा 'मामा' हाँगकाँगला उरकूनही गेला होता. स्पॉटिफायचं 'रॅप्ड', म्हणजे तुम्ही वर्षभर काय ऐकलंत याचा हिशेब, २०१६ पासून दर वर्षअखेर येतं, त्याचीही मोजणी काही आठवडे आधीच थांबते. शेवटच्या महिन्यातल्या गाण्यांना न्याय द्यायचा तर घरचं मिक्सच हवं.

मिक्सचं आणखी एक भावंड आहे: मॅशअप. सॅन फ्रान्सिस्कोच्या डीजे इअरवर्मने २००७ पासून अमेरिकेच्या वर्षभरातली गाजलेली गाणी एकाच गाण्यात विणायला सुरुवात केली, आणि व्हँकूव्हरचा डॅनिएल किम २०१० पासून तसंच करू लागला. के-पॉपच्या चाहत्यांनी हा प्रकार उचलला आणि यूट्यूबवर पन्नास-पन्नास गाण्यांची वार्षिक मेगामिक्स येऊ लागली. ऐकायला थरारक असतात, पण मला ती कसरत वाटते; वर्ष आठवत नाही, करणाऱ्याचं कौशल्य आठवतं. शिवाय के-पॉपचं गाणं मुळातच अनेकदा तीन गाण्यांचं शिवलेलं असतं. २०१३ च्या १ जानेवारीला आलेलं गर्ल्स जनरेशनचं 'आय गॉट अ बॉय' मध्येच वेग बदलतं, परत येतं, पुन्हा बदलतं. त्याचे आणखी तुकडे करून काय साधणार?

शांतपणे यादी लावणाऱ्यांना २००८ मध्ये सुरू झालेलं '८ट्रॅक्स' हे संकेतस्थळ सोयीचं होतं. किमान आठ गाणी, वर एक चित्र, खाली दोन ओळी. २०१९ च्या अखेरीस ते बंद पडलं आणि त्यावरची मिक्स निदान काही काळ तरी हाताबाहेर गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं होतं. तोवर मुंबई-पुण्याचे चाहते यूट्यूब आणि इकडून-तिकडून उतरवलेल्या फाइलींवर भागवत. मणिपूरची गोष्ट त्याहून जुनी: २००० मध्ये तिथल्या बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली, आणि ती पोकळी कोरियन वाहिनी आणि म्यानमार सीमेवरच्या मोरे गावातून येणाऱ्या चोरट्या सीडींनी भरली. हातगाडीचाच हा दुसरा अवतार.

स्ट्रीमिंगमुळे सगळं सोपं झालं, असं म्हणता येत नाही. कोरियात २००४ पासून चालणाऱ्या 'मेलॉन' या संगीतसेवेवर तासातासाची क्रमवारी असे, आणि ती चढवण्यासाठी चाहतेमंडळं तयार याद्या वाटत. आपल्या गटाचं गाणं, मध्ये दुसरं एखादं, पुन्हा आपलं. नाहीतर यंत्र ऐकणाऱ्याला यंत्रच समजून मोजणीतून काढायचं. आवाज बंद करून रात्रभर यादी चालू ठेवायची. मेलॉनने जुलै २०२० मध्ये ती क्रमवारी मोडून चोवीस तासांच्या मोजणीवर आणली, तरी अशा याद्या थांबल्या नाहीत. दिसायला दोन्ही प्लेलिस्टच. पण ऐकायचीच नाही अशी यादी लावणं हा शुद्ध हमालीचा प्रकार आहे, आणि तो करणाऱ्या कित्येक जणी डिसेंबरात स्वतःसाठी वेगळं मिक्स करतात, ही मला दिलाशाची बाब वाटते.

आणि भाड्याच्या जागेत मांडलेला संसार किती दिवस टिकणार? १ मार्च २०२१ ला काकाओ एम या वितरक कंपनीशी असलेला स्पॉटिफायचा करार संपला. गायिका आययू, मामामू हा गट यांच्यासह अनेकांची शेकडो गाणी जगभरातून एका रात्रीत गायब झाली. कित्येकांची जुनी वार्षिक मिक्स करड्या रंगाच्या ओळींनी भरली. अकराव्या दिवशी समझोता होऊन गाणी परतली. तरी त्या मार्चनंतर बऱ्याच जणांनी मिक्सची फाइलरूपातली प्रत हार्ड डिस्कवर ठेवायला सुरुवात केली.

नेमक्या त्याच आठवड्यांत वर्षाच्या मिक्सवाल्यांपुढे दुसरा पेच उभा राहिला. ब्रेव्ह गर्ल्सचं 'रोलिन' हे गाणं २०१७ च्या मार्चमध्ये येऊन पडून राहिलं होतं. गट विसर्जनाच्या उंबरठ्यावर होता. २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीस लष्करी छावण्यांतल्या त्यांच्या कार्यक्रमांचे तुकडे जोडून कुणीतरी व्हिडिओ टाकला, सैनिकांचा जल्लोष देशाने पाहिला आणि गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. १४ मार्चला त्यांनी 'इंकिगायो' जिंकलं. मग हे गाणं कोणत्या वर्षाचं? काही जणांनी २०१७ चं मिक्स उघडून त्यात ते घुसवलं, जणू तेव्हाही त्यांना माहीत होतं. ही सरळ लबाडी आहे. काहींनी २०२१ मध्ये टाकलं. काहींनी मिक्सच्या शेवटी एक जागा राखून ठेवली, आपल्याला उशिरा कळलेल्या गाण्यासाठी, आणि दरवर्षी ती भरते.