मिशिगनमधली प्रायमरी आणि कन्व्हेन्शन: उमेदवार दोन्हीकडं ठरतो, मग फरक कुठं पडतो?

आपले बेळगावचे उद्योजक श्री ठाणेदार २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदाची (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) निवडणूक हरले, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण खरं तर ते त्या निवडणुकीपर्यंत पोचलेच नव्हते. ७ ऑगस्ट २०१८ ला ते हरले ती डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरात पक्षातर्फे कोण उभं राहणार एवढंच ठरवणारं मतदान. आपल्याकडं एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे वरचे नेते ठरवतात ना, तिथं तो निर्णय मतदार घेतात.

एवढं सांगितलं की लोकांना पटकन कळतं, गोंधळ होतो तो याच्या पुढं. त्याच वर्षी, त्याच पक्षातून, त्याच राज्यात डेना नेसल अ‍ॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या पदाच्या) उमेदवार झाल्या आणि नोव्हेंबरात निवडूनही आल्या, पण ऑगस्टच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव कुठंच नव्हतं. कारण मिशिगनमध्ये अ‍ॅटर्नी जनरलचा उमेदवार प्रायमरीत ठरतच नाही, तो पक्षाच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे पक्षाच्या लोकांच्या मोठ्या सभेत ठरतो. (प्रेसिडेंटच्या निवडणुकीच्या वर्षी टीव्हीवर फुगे सोडताना दिसतं ते पक्षाचं राष्ट्रीय कन्व्हेन्शन, ते वेगळं, ते इथं बाजूला ठेवू.)

तर गव्हर्नर आणि अमेरिकन सिनेटचा उमेदवार प्रायमरीतून येतो. लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका सांभाळणारं पद), अ‍ॅटर्नी जनरल, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, इतकंच काय तर मिशिगन युनिव्हर्सिटीच्या बोर्डावरचे लोक, हे सगळे कन्व्हेन्शनमधून. नोव्हेंबरात मात्र ही सगळी पदं अख्ख्या राज्याच्या मतावर ठरतात, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळे एकाच वाटेनं आलेत.

आणि वाट वेगळी असली की प्रचारही पार बदलतो, माझ्या मते खरा फरक तिथं आहे.

प्रायमरीत उतरायचं तर आधी सह्या. गव्हर्नरसाठी नोंदणीकृत मतदारांच्या किमान १५,००० वैध सह्या लागतात, आणि ही नुसती औपचारिकता समजू नका. २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे तब्बल पाच उमेदवार याच पायरीवर बाद झाले, कारण पैसे देऊन लावलेल्या माणसांनी ढिगानं खोट्या सह्या भरून दिल्या होत्या. त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग होते, ज्यांना सुरुवातीला सगळे आघाडीवर धरत होते, त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही.

सह्या पार पडल्या की समोर अख्खं राज्य. मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, ऑगस्टमध्ये कुणीही मतदार येतो, मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, त्यातला एक गुपचूप निवडून त्यातच मत द्यायचं. दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षांच्या भागातलं मत बाद. म्हणजे उमेदवाराला आपला मतदार कोण याची यादी आयती मिळत नाही, सगळ्यांपर्यंत पोचावं लागतं, आणि सगळ्यांपर्यंत पोचायचं म्हणजे टीव्ही, आणि टीव्ही म्हणजे पैसा. ठाणेदारांनी तेच केलं. राजकारणात कुणी ओळखत नव्हतं, आधी कुठलं पद नव्हतं, पण केमिकल टेस्टिंगच्या धंद्यात कमावलेले स्वतःचे एक कोटी डॉलरच्या आसपास ओतले, फेब्रुवारीत सुपर बाऊलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी मिशिगनमधल्या टीव्हीवर जाहिरात दिली, आणि वसंतात काही सर्व्हेंमध्ये तर ते त्याच प्रायमरीतल्या प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर यांच्या पुढं दिसत होते. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत आलेला माणूस तिथवर जातो ही काय साधी गोष्ट नाही, मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पण शेवटी व्हिटमर बाईंना ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना १८ टक्क्यांच्या जवळपास मतं पडली. म्हणजे दोन लाखांवर माणसांनी त्यांना मत दिलं, आणि त्या दोन लाख मतांचं पुढं काहीच झालं नाही, कारण या प्रायमरीत डेलिगेट बिलिगेट, म्हणजे कन्व्हेन्शनला जाऊन मत देणारे प्रतिनिधी, काही नसतात. प्रेसिडेंटच्या प्रायमरीत दुसरा-तिसरा आलेला पण थोडे डेलिगेट गोळा करतो, इथं पहिला येईल तो उमेदवार, बाकीचे घरी. अर्ध्याहून जास्त मतं लागतात असंही नाही आणि दुसरी फेरी पण नसते. २०२२ मध्ये रिपब्लिकनांच्या ट्यूडर डिक्सन जेमतेम ४० टक्क्यांवर गव्हर्नरच्या उमेदवार झाल्या. ठाणेदारांना स्वतःला पण याचा फायदा झालाच, २०२२ मध्येच डेट्रॉइटकडच्या अमेरिकन काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) मतदारसंघात नऊ जणांच्या गर्दीत २८ टक्क्यांवर त्यांनी प्रायमरी मारली आणि नोव्हेंबरात जिंकून ते वॉशिंग्टनला गेले.

आता कन्व्हेन्शन बघा. एप्रिल २०१८, डेट्रॉइटचा कोबो सेंटर हॉल. एका बाजूला पॅट माइल्स, माजी फेडरल वकील, ऑटो कामगारांच्या मोठ्या युनियनचा पाठिंबा. दुसऱ्या बाजूला नेसल, मिशिगनमधल्या समलिंगी जोडप्याची केस लढलेल्या वकील, जी केस पुढं समलिंगी लग्नांना देशभर मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालात सामील झाली. इथं टीव्हीवरच्या जाहिरातीचा फारसा उपयोग नाही, कारण मत त्यालाच जो पक्षाचा सदस्य आहे आणि त्या रविवारी स्वतः उठून डेट्रॉइटला आलाय. मग प्रचार म्हणजे काय, तर लोकांना वेळेत सदस्य करून घ्या, फोन करा, गाडीची सोय करा, हॉलमध्ये शेवटपर्यंत बसवून ठेवा. नेसल यांच्या बाजूनं तरुण पोरं आली, गांजा कायदेशीर करा म्हणणारे आले, आणि युनियनचा उमेदवार पडला. प्रायमरीत ११ लाखांवर मतं पडली होती, इथं काही हजार माणसांत निकाल लागला.

(एप्रिलमध्ये होतो तो खरं तर पाठिंब्याचा ठराव, कायदेशीर शिक्का उन्हाळ्याच्या शेवटी दुसऱ्या कन्व्हेन्शनमध्ये बसतो. पण एकदा एप्रिलमध्ये नाव ठरलं की प्रचार सुरू होतो. लेफ्टनंट गव्हर्नरचं नाव गव्हर्नरचा उमेदवार सुचवतो आणि हॉल मान्य करतो, सहसा वाद होत नाही, २०२२ मध्ये डिक्सन यांनी सुचवलेल्या नावाला मात्र हॉलमध्येच आव्हान मिळालं होतं, ते नाव टिकलं.)

रिपब्लिकनांचं कन्व्हेन्शन अजून अरुंद. तिथं नुसता सदस्य चालत नाही, डेलिगेट असावं लागतं. एप्रिल २०२२ ला ग्रँड रॅपिड्सला दोन हजारांच्या आसपास डेलिगेट जमले. अ‍ॅटर्नी जनरलसाठी टॉम लेनर्ड होते, २०१८ मध्ये नेसल यांच्याशी तीनेक टक्क्यांनी हरलेले, म्हणजे राज्यभर चालू शकेल असा माणूस. पण हॉलनं मॅथ्यू डीपर्नो यांना निवडलं, ज्यांना ट्रम्प यांचा पाठिंबा होता, आणि तेही दुसऱ्या फेरीत, कारण कन्व्हेन्शनमध्ये निम्म्याहून जास्त मतं लागतात. सेक्रेटरी ऑफ स्टेटसाठी क्रिस्टिना करामो. नोव्हेंबरात दोघंही पडले, करामो तर १४ टक्क्यांनी. प्रायमरीतून आलेल्या डिक्सन पण पडल्याच, तेव्हा सगळा दोष हॉलवर टाकता येणार नाही, पण लेनर्डसारखा माणूस राज्यभरच्या प्रायमरीत इतक्या सहज बाजूला पडला असता असं मला वाटत नाही.

मला विचाराल तर दोन्हीत खोट आहे. प्रायमरीत खिसा मोठा असलेल्याला दार उघडं, कन्व्हेन्शनमध्ये ज्याच्याकडं कट्टर आणि रिकामा रविवार असलेली माणसं जास्त त्याला. तरी निवडायचंच झालं तर मी प्रायमरी निवडेन, कारण जो माणूस पुढं राज्याचा वकील म्हणून एक कोटी लोकांच्या वतीनं कोर्टात उभा राहणार त्याची निवड एका दुपारी एका हॉलमध्ये व्हावी हे मला पटत नाही, आणि बहुतेक मतदारांना ती झाली हे कळत पण नाही.

नोवाय, ट्रॉय, कँटनकडं राहणारी आपली मंडळी, ज्यांना सिटिझनशिप मिळालीये, ती ऑगस्टमध्ये गव्हर्नरला मत देऊन येतात आणि अ‍ॅटर्नी जनरलचा रकाना कुठंय म्हणून विचारतात. तो तिथं नसतोच. पण त्याच मतपत्रिकेत खाली प्रीसिंक्ट (मतदानासाठी केलेला छोटा भाग) डेलिगेटचा रकाना असतो, जो बहुतेक जण कोरा सोडतात. गल्लीबोळाच्या पातळीवरचं हे पद, त्यासाठी ना फी ना सह्या, एक प्रतिज्ञापत्र वेळेत दिलं की नाव लागतं, आणि कितीतरी प्रीसिंक्टमध्ये कुणी उभंच राहत नाही. रिपब्लिकनांकडं कन्व्हेन्शनच्या हॉलपर्यंतचा रस्ता याच रकान्यातून, मग काउंटीच्या (जिल्ह्याच्या) बैठकीतून जातो. डेमोक्रॅटांकडं पक्षाचं सदस्यत्व पुरतं, फक्त ते कन्व्हेन्शनच्या निदान ३० दिवस आधी घेतलेलं असावं लागतं.